आमच्या घरातला जर्मन

माझ्या धाकट्या भावाला आमच्या घरात सगळे जर्मन म्हणतात. तो जर्मनीला कधी गेलेला नाही. त्या भाषेतले त्याला चार-पाच शब्द येतात, तेही गाडीच्या माहितीपत्रकातले. पण कॉलेज संपल्यावर तो एका जर्मन कंपनीच्या गाड्यांच्या शोरूममध्ये लागला आणि थोड्याच दिवसांत असा बोलायला लागला, की जणू त्या कारखान्याची पायाभरणी आमच्या आजोबांनीच केली होती. जेवताना खुर्ची करकरली तरी म्हणायचा, "जर्मन असती तर करकरली नसती." शेवटी माझा नवरा वैतागून म्हणाला, "अरे जर्मना, बायको तरी इथलीच केलीस ना?" तेव्हापासून ते नाव चिकटलं.

गाडी विकायची त्याची एक रीत होती. आधी तो गाडीला हातच लावत नसे. गिऱ्हाइकाला बसवायचा आणि गोष्ट सुरू करायचा. लढाई संपलेली, कारखान्याचं छप्पर फुटलेलं, लोक उपाशी, आणि त्या पडझडीतून एक गोल पाठीची, मागे इंजिन असलेली छोटी गाडी बाहेर पडते आणि जगभर फिरते. हे सांगताना त्याचे डोळे चमकत. मग तो उठायचा, डिझेलची नवी गाडी सुरू करायचा, खिशातून इस्त्रीचा पांढरा रुमाल काढून धुराच्या नळीपाशी धरायचा आणि तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. रुमाल पांढराच्या पांढरा. "नाकाला लावून बघा," म्हणायचा. लोक खरंच लावायचे.

मी इतिहास घेऊन बी.ए. केलंय. त्यामुळे त्याला चिडवायची संधी मी सोडत नसे. "तुझी कंपनी एकदम लढाईनंतरच जन्मली का रे? त्याआधीचं कुठं गेलं?"

"ताई, गिऱ्हाईक गाडी घ्यायला येतं, परीक्षेला बसायला नाही."

माझ्या मुलीला दमा आहे हे कळलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिच्या श्वासाकडे लक्ष ठेवणं हा तेव्हापासून माझा दुसरा उद्योग झाला. एक पंप तिच्या दप्तरात, एक माझ्या पर्समध्ये आणि एक नवऱ्याच्या खिशात, तो रोज घरी विसरून जातो तो. डॉक्टरांनी धुरापासून जपायला सांगितलं होतं, आणि शाळेची बस तर आली की आधी धूर दिसायचा, मग बस. तेव्हा भाऊ ती गाडी घेऊन आमच्या दारात आला. रुमाल धरला आणि तो मुलीच्या नाकाला लावला.

"मामा, ह्याला साबणाचा वास येतोय!"

आम्ही गाडी घेतली. आमच्या मागोमाग आमच्या दातांच्या डॉक्टरांनी घेतली, माझ्या नवऱ्याच्या साहेबांनी घेतली, भावाच्या सासऱ्यांनी घेतली, आमच्या गल्लीतल्या बेकरीवाल्यानं माल पोचवायला त्याच कंपनीची डिझेलची मोठी गाडी घेतली. पुढे मला कळलं, की भाऊ आता रुमाल धरायच्या आधी एक वाक्य बोलतो: "ही गाडी मी माझ्या बहिणीला दिलीय, आणि तिची मुलगी दम्याची आहे." ह्या वाक्यानंतर फारसं कुणी घासाघीस करत नसे.

मुलगी दहा वर्षांची झाली त्या वर्षी ती बातमी आली. कंपनीनं स्वतःच कबूल केलं होतं. गाडीतल्या संगणकात अशी सोय करून ठेवली होती, की आपली तपासणी चाललीय हे गाडीला ओळखता यावं. तपासणी असेल तर ती शहाण्यासारखी वागायची. रस्त्यावर आली की विषारी वायू मर्यादेच्या कितीतरी पट सोडायची. जगभरातल्या कोटीभर गाड्या अशा होत्या. आमचीही त्यातलीच.

मी मुलीला घेऊन थेट डॉक्टरांकडे गेले. तिला खोकलासुद्धा नव्हता. त्यांनी तिला तपासलं, मग मलाच बसायला सांगितलं. "हा धूर रस्त्यावरच्या सगळ्यांच्याच वाट्याला येतो," ते म्हणाले. "तुमच्या मुलीला तुमच्याच गाडीनं त्रास झाला असं मी म्हणू शकत नाही. झाला नाही असंही म्हणू शकत नाही."

माझ्यासारख्या बाईला अर्धवट उत्तर देऊ नये. मी त्या दोन वाक्यांचा अजूनही रोज कीस काढते.

भाऊ फोन उचलेना. शेवटी भावजयीचाच आला. "ताई, हे कामावर जात नाहीयेत. गच्चीत बसून असतात. राजीनामा देणार म्हणतात. मी विचारलं, मग करणार काय? तर म्हणाले, काहीही, पण विकणार नाही. ताई, ह्यांना दुसरं येतं काय हो?"

तिचं खरं होतं. माझा भाऊ लहानपणी स्वतःचा मोडका भोवरासुद्धा चांगला आहे असं समोरच्याला पटवून द्यायचा. बोलून विश्वास बसवणं एवढी एकच गोष्ट त्याला येत होती, आणि आता त्याचा स्वतःवरच विश्वास राहिला नव्हता.

मी गेले तेव्हा तो गच्चीत पाण्याच्या टाकीला टेकून बसला होता. दाढी वाढलेली.

"ताई, मी तुझ्या पोरीच्या नाकाला तो रुमाल लावला."

"लावलास. आणि रुमाल काही खोटा नव्हता," मी म्हटलं. बातमी आल्यापासून मी हाताला लागेल ते वाचत होते. "काजळी जाळीत अडत होती, म्हणून रुमाल पांढरा. जे वायू सुटत होते त्यांचा डाग पडत नाही."

त्यानं बोटानं टाकीवरची धूळ पुसली. मग म्हणाला, "म्हणजे दाखवत होतो ते खरं, आणि सांगत होतो ते खोटं."

मला राग आलेला होता, तो मी घरून येताना नीट बांधून आणला होता. पण समोर असं तोंड बघितल्यावर गाठोडं सोडवेना.

"तू मला नेहमी विचारायचीस," तो म्हणाला, "लढाईच्या आधीचं काय म्हणून. काय होतं?"

मी सांगितलं. ती गाडी एका हुकूमशहाच्या हुकमानं जन्मली. साध्या माणसांनी दर आठवड्याला बचतीची तिकिटं विकत घेऊन, ती पुस्तिकेत चिकटवून तिच्यासाठी पैसे साठवले, लाखो माणसांनी, आणि लढाई लागल्यावर त्यातल्या एकालाही गाडी मिळाली नाही. पुढे किती वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या तेव्हा कुठं थोडीफार सवलत हाती आली. आणि लढाईत त्याच कारखान्यात परदेशातून जबरदस्तीनं आणलेल्या माणसांना राबवलं.

"हे कंपनी लपवते?"

"नाही रे. उशिरा का होईना, कंपनीनंच अभ्यासक बसवून सगळं लिहून घेतलं. कारखान्यात त्या माणसांचं स्मारक केलंय."

"म्हणजे लपवत मीच होतो."

"तू अर्ध्यातून सुरू करत होतास."

"तिकिटं चिकटवणाऱ्यांना फसवलं, तरी लोकांनी पुन्हा त्याच कंपनीच्या गाड्या घेतल्या?"

"घेतल्या."

"कशा?"

ह्याचं उत्तर बी.ए.ला नव्हतं. मी म्हटलं, "उठ आधी, दाढी कर."

दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला, चालत. आल्याआल्या म्हणाला, की ज्यांना ज्यांना बहिणीच्या मुलीचं वाक्य सांगून गाडी दिली, त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन समोर बसून सांगणार आहे. सुरुवात इथून. मग तो माझ्या मुलीसमोर बसला.

"मामा, तू मला फसवलंस?"

"मला माहीत नव्हतं गं. पण तुझं नाव घेऊन मी गाड्या विकल्या. तुला न विचारता."

"दम्याची भाची म्हणून?"

"हो."

तिनं जरा विचार केला. "मग आता सगळ्यांना सांग, भाची गणितात पहिली आलीय."

तो हसला, आणि हसताहसता तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागला.

बेकरी आमच्या गल्लीतच, म्हणून तिथं मी त्याच्याबरोबर गेले. खरं तर बेकरीवाल्याच्या आवाजाची मला धास्ती होती. तो कोपरापर्यंत पिठात होता. भावाला बघताच ओरडला, "या या जर्मन! रुमाल आणलात का? मला हात पुसायचेत." आतली माणसं खो खो हसली.

भावानं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

"माझ्या गाडीच्या पाठीवर काय लिहिलंय, वाचलंयस?" बेकरीवाला म्हणाला.

"ताजे आणि शुद्ध."

"आता काय लिहू? ताजे आणि धुरकट?" मग एकदम आवाज खाली आणून, "बरं, कंपनी दुरुस्त करून देणार म्हणे. दुरुस्तीनंतर गाडी पूर्वीसारखी ओढेल का?"

"कंपनी म्हणते ओढेल."

"तू काय म्हणतोस?"

मी भावाकडे बघितलं. शोरूममधली चौदा वर्षं त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार असायचं.

"मला माहीत नाही, काका," तो म्हणाला. "दुरुस्त झाली की मी आठवडाभर तुमच्या गाडीत बसतो. दोघं मिळून बघू."

"पहाटे चारला निघते गाडी."

"येतो."

आणि गेला. पावाच्या ट्रेंच्या मधोमध गुडघे दुमडून बसायचा, घरी यायचा तो भाजक्या वासाचा होऊन. चढावर गाडी किंचित सुस्त झालीय असं बेकरीवाल्याचं म्हणणं पडलं. भावाचं म्हणणं, ते पावांचं ओझं. ह्या वादाचा निकाल अजून लागलेला नाही, पण ते दोघं आता रविवारी एकत्र चहा पितात.

सगळीकडे असं झालं नाही. दातांच्या डॉक्टरांनी दार उघडलं, ऐकून घेतलं आणि परत लावलं. नवऱ्याच्या साहेबांनी गाडी विकून टाकली आणि अजून आमच्याशी जेमतेम बोलतात. सासरे मात्र म्हणाले, "जावयानं सासऱ्याला फसवणं ह्यात नवीन काय?" आणि त्याला जेवायला थांबवून घेतलं.

राजीनामा घेऊन तो व्यवस्थापकाकडे गेला, ते मला त्यानंच सांगितलं. व्यवस्थापकानं कागद वाचला. "जायचं तर जा बाबा. पण खाली लोक चिडून उभे आहेत. त्यांच्याशी कोण बोलणार? मी?" भाऊ म्हणाला, आजच्यापुरता खाली जातो. दुसऱ्या दिवशीही आजच्यापुरताच गेला. रोज सकाळी भावजय विचारायची, "आज देताय का?" आणि तो म्हणायचा, "आज नको, उद्या बघू."

आमच्या गाडीचं काय करायचं ह्यावर मी आणि नवरा पुष्कळ भांडलो. शेवटी ठरलं, दुरुस्त करून ठेवायची, लागेल तेव्हाच काढायची. मुलगी मैत्रिणींबरोबर आतल्या रस्त्यानं चालत शाळेत जायला लागली. मी जरा अंतर ठेवून मागून जाते. "आई, तू दिसतेस," ती मागे न बघता म्हणते.

गाडी दुरुस्तीला दिली त्या दिवशी मी आणि मुलगी शोरूमच्या सोफ्यावर बसलो होतो. एक बाई आत आली. हातात मोठी पिशवी, पायात नर्सचे पांढरे बूट.

"जर्मन कोण?" तिनं विचारलं. "मी बेकरीवाल्यांची सून. मला गाडी घ्यायचीय. सासरे म्हणाले, त्याच्याकडे जा, त्याला जे माहीत नाही, ते माहीत नाही असं तो सांगतो."

भावानं तिला बसवलं आणि गोष्ट सुरू केली. ह्या वेळी हुकूमशहापासून. तिकिटं, लढाई, राबवलेली माणसं, फुटकं छप्पर, गोल पाठीची गाडी, आणि शेवटी धूर. काचेच्या खोलीत व्यवस्थापकानं कपाळाला हात लावला.

"एवढं ऐकल्यावर मी ही गाडी का घ्यावी?" बाईनं विचारलं.

"घ्याच असं नाही," भाऊ म्हणाला. "पेट्रोलची बघा, विजेवरची बघा, समोरच्या कंपनीचीही बघा. हिचे ब्रेक उत्तम आहेत, दारं घट्ट लागतात, हे मी रोज चालवून सांगतो. धुराचं जे कागदावर आहे ते वाचून दाखवतो. त्यापलीकडचं मी तपासलेलं नाही."

तिनं आणखी पुष्कळ विचारलं. भावानं दोनदा "माहीत नाही" म्हटलं आणि दोन्ही वेळा आत जाऊन कुणाला तरी विचारून आला. मग ती पिशवी उचलून गेली.

"मामा, घालवलंस तू गिऱ्हाईक," माझी मुलगी म्हणाली.

"असं म्हणतेस?"

"जाताना काय म्हणाली?"

"माझी सुटी कोणत्या वारी असते, ते विचारत होती."

पुढच्या आठवड्यात दुपारी त्याचा मला फोन आला. मी सवयीनं घाबरून उचलला.

"ताई, ती आलीय. नवऱ्याला घेऊन."

"घेतली का?"

"छे, अजून नुसतं विचारतेय. नवरा तर तिच्यावर कडी करतोय, गाडीखाली वाकून बघतोय." मागे कुणीतरी त्याला हाक मारली. "ठेवतो गं, मला बोलावतायत." आणि माझं उत्तर ऐकायच्या आतच त्यानं फोन ठेवला.