सीटबेल्टला आईचे टाके

माझी जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार दरवर्षी सरकारी वाहन-तपासणीत पहिल्याच फटक्यात पास होते. आज ती नापास झाली. ब्रेक, टायर, गंज, सगळं ठीक होतं. अडला तो ड्रायव्हरचा सीटबेल्ट.

सकाळी तो गळ्याशी मऊ लागला होता. मला वाटलं, आईने नुसतं कापड गुंडाळलंय. पण तिने जुन्या सुती साडीची घडी थेट पट्ट्यावर शिवली होती.

"सुंदर काम आहे," तपासणारा म्हणाला, "पण टाक्यांनी पट्ट्याला भोकं पडली. बदलावा लागेल."

मी आईला फोन केला. ती पुण्याहून माझ्याकडे आलीये, परवा परत जाणार.

"आई, पट्टा का शिवलास?"

"अगं, तुझ्या गळ्यावर वळ उठतो. तू बोलत नाहीस, पण मला दिसतो ना! गाडी पास झाली?"

खोटं बोलावंसं वाटलं. "नाही. पट्ट्यातून सुई घालायची नसते."

"चुकलंच माझं."

"नवीन पट्ट्याला खोळ शिवशील? काढता-घालता येईल अशी?"

"माप घेऊन ये," ती लगेच म्हणाली. "जायच्या आधी शिवते."

पट्टा घासतो, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमच्या घरी असं न सांगता कोणाला कळतं?