तुमचे दीर आम्हाला नकोत

“च्या घ्या आन् जावा. तुमचं पानी नको आमाला.”

हिराबाई एवढंच बोलल्या आणि पदर खोचून ओट्यावर बसल्या. ग्रॅहम आणि जॉयस दोघांनी माझ्याकडे पाहिलं. हिराबाईंचा आवाज त्यांना कळला होता. शब्द मी सांगायचे होते.

मी दुभाषी आहे. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत तिथल्या तिथे सांगायचं, हा माझा व्यवसाय. आधी मी खोपोलीजवळच्या एका कारखान्यात होते. परदेशी इंजिनियर मशीन बसवायला यायचे, त्यांचं बोलणं फिटर लोकांना सांगायचं. तिथे व्हॉल्व्ह, गॅस्केट, सेकंड शिफ्ट असले शब्द. कुणाचं मन दुखावेल अशी भीती नसायची. या कामाचा नियम साधा आहे. पदरचं काही घालायचं नाही आणि बोललेलं काही गाळायचं नाही. सांगायला सोपा, पण ओट्यावर पन्नास माणसं आपल्या तोंडाकडे बघत असली की जड जातो.

ग्रॅहम आणि जॉयस न्यूझीलंडचे. दोघंही सत्तरीला टेकलेले. ग्रॅहमनी आयुष्यभर गाई सांभाळल्या, जॉयस शाळेत शिकवायच्या. मुलं मार्गी लागल्यावर त्यांच्या चर्चनं त्यांना सेवेसाठी इकडे पाठवलं. अशा जोडप्याला त्यांच्यात ‘सीनियर कपल’ म्हणतात. पगार नाही, राहण्याखाण्याचा खर्च ज्याचा त्याचा. इथे येताना त्यांना स्पष्ट बजावलेलं होतं की धर्माचा प्रचार करायचा नाही. पाण्याची सोय, शाळेला बाकं, व्हीलचेअर अशी कामं करायची आणि मुदत संपली की घरी जायचं. ही कामं इथल्या एका संस्थेमार्फत व्हायची, तिच्याच ऑफिसनं मला त्यांच्याबरोबर दिलं होतं.

भिसेगावात त्यांनी फ्लॅट भाड्यानं घेतला होता. मी सकाळी मराठी शिकवायला जायचे तेव्हा जॉयस नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर असायच्या. तिकडे दुपार उलटलेली असायची, पोरं शाळेतून येऊन खात बसलेली. ग्रॅहम स्टीलची बरणी घेऊन दूध आणायला दहिवलीपर्यंत चालत जायचे. पिशवीतलं दूध त्यांना पटायचं नाही. त्यांनी स्वतःहून बोललेलं पहिलं अख्खं मराठी वाक्य गवळ्याच्या वाट्याला आलं, “आज पाणी जास्त आहे.” गवळी भडकला. पुढे त्याची म्हैस दूध देईना, तेव्हा तोच यांना हाताला धरून गोठ्यात घेऊन गेला. दुपारी जॉयस गच्चीवर कपडे वाळत घालायच्या आणि खालच्या बायकांशी हातवारे करून गप्पा मारायच्या. जेवणाआधी दोघं मान खाली घालून प्रार्थना करायचे. मी समोर असले तर म्हणायचे, “तू सुरू कर, गार होईल.”

तर ही वाडी. खालापूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. होळी झाली की बायकांना खालच्या ओहोळापर्यंत हंडे घेऊन उतरावं लागायचं आणि भरलेले हंडे घेऊन चढावं लागायचं. वर डोंगरात एक झरा होता, उन्हाळ्यातही न आटणारा. त्याच्या तोंडाशी सिमेंटची पेटी बांधायची, तिथून पाइप सोडायचा आणि वाडीत टाकी बसवायची. मोटर नको, वीज नको, पाणी उतारानं आपोआप येणार. सगळं ठरलं होतं. फक्त वाडीची संमती हवी होती, आणि ती मिळायच्या ऐवजी चहा मिळाला.

मी नियमाप्रमाणे हिराबाईंचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. ग्रॅहमचे कान लाल झाले.

“विचार त्यांना, का?”

मी विचारलं. हिराबाई म्हणाल्या, “मागं बी असंच मान्सं आलंती. कापडं वाटली, फोटू काडलं. आन् जाताना म्हनं, ह्यो देव ठिवू नका, त्यो देव ठिवू नका. पानी ग्वाड लागंल, पन त्याच्या मागनं काय येतंय त्ये आमाला ठावं हाय. आमचं देव आमी सोडनार नाय.”

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आन् तू गं? तू बी त्यांच्यातलीच का?”

हा प्रश्न मला होता. त्यामुळे उत्तरही माझं मलाच द्यायचं होतं. “नाही मावशी. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी धर्म बदलला, पण तो त्यांचा त्यांनी ठरवून. कुणी त्याच्या बदल्यात काही दिलं नव्हतं.”

हिराबाईंनी मान हलवली. पटल्यासारखी हलवली की नुसतीच, ते समजलं नाही. मी आधी त्यांचं आणि मग माझं बोलणं ग्रॅहमना सांगितलं. आजोबांचं वाक्य मला इंग्रजीत दोनदा जुळवावं लागलं. कारखान्यात असं कधी झालं नव्हतं.

ग्रॅहम काही बोलणार, तेवढ्यात जॉयसनी माझ्या हातावर हात ठेवला. “हे मी मराठीत सांगते,” म्हणाल्या. दुभाष्याला या वाक्याची धडकी भरते. पण अडवणं माझ्या हातात नव्हतं.

जॉयस उभ्या राहिल्या. हिराबाईंना नमस्कार केला आणि एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाल्या, “बाई, तुम्ही भिऊ नका. तुमचे दीर आम्हाला नकोत. तुमचे दीर तुमच्या घरात राहू द्या. आम्ही तुमच्या दिरांना हात लावणार नाही.”

मग मागून एक बाई फसकन हसली, आणि पाठोपाठ अख्खा ओटा हसायला लागला. झालं होतं असं की त्याच आठवड्यात घरमालकिणीकडे लग्न होतं आणि जॉयस नात्यांची नावं पाठ करत होत्या. जाऊ, नणंद, दीर. त्या गडबडीत ‘देव’ शब्दाच्या जागी ‘दीर’ येऊन बसला.

“आवो न्या की आमचा दीर!” एक तरणी बाई ओरडली. “निस्ता बसून खातोय!”

“माजा बी न्या! इमानात बसवा!”

पहिल्या बाईचा दीर तिथेच खांबाला टेकून उभा होता. तो सावकाश घराच्या मागे निघून गेला.

अशा वेळी दुभाष्यानं तटस्थ राहायचं असतं. मी राहू शकले नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले आणि मग जॉयसना कानात झाला प्रकार सांगितला. त्या तोंडावर हात ठेवून मटकन खाली बसल्या, त्याही हसत. ग्रॅहम आळीपाळीनं सगळ्यांकडे बघत होते. “मला कुणी सांगेल का?”

हिराबाई हसल्या, पण विषय सोडणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. डोळे पुसून म्हणाल्या, “हासलो त्ये हासलो. आता माजं आईका. पाट्या लावायच्या नाय. तुमची प्रार्थना तुमच्या घरी. झरा आमच्या देवाचा हाय, काम चालू करायच्या आदी आमी तितं नारळ फोडनार. चर आमची मान्सं खांदतील. हाय कबूल?”

मी सांगितलं. ग्रॅहम लगेच म्हणाले, “सगळं कबूल. त्यांच्या जागी मीही हेच मागितलं असतं.”

पण पाटीचा निर्णय ग्रॅहमच्या हातात नव्हता. संस्थेच्या नावाची पाटी ही ऑफिसची अट होती. त्यांनी तिथूनच आमच्या को-ऑर्डिनेटर सरांना फोन लावला. रेंज एकाच कोपऱ्यात होती, ऐकू नीट येईना, म्हणून स्पीकर चालू केला. सर इंग्रजीत बोलत होते.

“बोर्ड नाही म्हणजे काय? देणगीदारांना फोटो कसला पाठवू?”

“पाणी भरणाऱ्या बायकांचा पाठवा.”

“ग्रॅहम, असं चालत नाही. एकदा सोडलं तर प्रत्येक गाव हेच म्हणेल.”

हिराबाईंनी मला कोपरानं ढोसलं. “काय बोलतोय त्यो?”

मी त्यांच्या कानाशी हळू आवाजात सांगू लागले. आमच्या कामात हा रीतसर प्रकार आहे. एकाच माणसाला ऐकवायचं असेल तर त्याच्या कानाशी बोलायचं. अडचण एवढीच की हिराबाई प्रत्येक वाक्य मोठ्यानं पुढे पोचवत होत्या. “म्हनतोय, एकदा सोडलं तर समदीच गावं मागं लागतील!” बायका म्हणाल्या, “लागू दे की!”

सर एकदम मराठीत म्हणाले, “मॅडम, तुम्ही हे सगळं तिथल्या लोकांना सांगताय?”

“हो सर.”

“सगळं?”

“सर, मला त्याच कामासाठी ठेवलंय.”

तसे सर वाईट माणूस नव्हते, त्यांच्याही डोक्यावर वरचे लोक होते. शेवटी म्हणाले, “ठीक आहे. पाटी ऑफिसात लावतो. फोटो तरी काढू देतील का, विचारा.”

हिराबाईंनी पदर सारखा केला. “आमी सांगू तवा काडा. ह्या अवतारात नाय.”

पुढच्याच आठवड्यात झऱ्यापाशी नारळ फुटला. ग्रॅहम आणि जॉयस चपला काढून लांब उभे होते. पूजा करणाऱ्या म्हाताऱ्यानं प्रसादाचं खोबरं आधी वाडीतल्यांना दिलं. मग त्यानंच हाक मारली, “आवो पाव्हनं, जवळ या की. तितनं काय दिसनार?” दोघं पुढे आले. ग्रॅहमनी खोबरं घेतलं आणि सवयीनं मान खाली घातली. म्हाताऱ्यानं त्यांची मान वर यायची वाट पाहिली आणि मग जॉयसना खोबरं दिलं.

चर खणायला वाडीतले पुरुष लागले, खांबामागचा तो दीरही. ग्रॅहम पाइपाचे जोड बसवायचे. त्यांना पाठ धरल्यामुळे मधे मधे आडवं व्हावं लागे, मग जॉयस पाना घेऊन पुढचा जोड आवळायच्या. टाकीचा नळ पहिल्यांदा सोडला तेव्हा आधी नुसती हवा फुसफुसली, मग लाल गढूळ पाणी आलं, आणि बायका नावं ठेवायच्या बेतात असतानाच स्वच्छ धार लागली. हिराबाईंनी हंडा भरला, काठोकाठ, आणि तो घेऊन सरळ घरात गेल्या. आभारबिभार कुणी मानले नाहीत. पाणी भरायची घाई होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ग्रॅहम-जॉयस परत गेले. टाकी चालू आहे. मधे पाइप एका ठिकाणी फुटला होता, तो वाडीनं स्वतःच जोडला.

नवीन मुलं या कामात येतात, मला विचारतात की समोरचा टोचून बोलला तर भाषांतरात थोडं मऊ करावं का. मी सांगते, करू नका. जसंच्या तसं सांगितलं तर भांडण होतं, पण एकदाच होतं आणि मिटतं. मऊ करून सांगितलं तर ते पुन्हा पुन्हा होतं, आणि दर वेळी दुभाष्याला बोलावतात.