काळूरामाचं आवतण

लग्नाला जिवंत माणसांना बोलवायचं तर पत्रिका असते, फोन असतो, आता तर मोबाइलवर नाचत येणारा गणपतीही असतो. मेलेल्यांना बोलवायला मात्र धवलारीणच लागते. चांदीपची कमळीआजी ही त्यातली. वसईच्या खाडीकाठच्या गावांत लग्न निघालं की ती मांडवाच्या मेढीपाशी, मुख्य खांबापाशी, उभी राहून धवले गाते, आणि गाता गाता त्या घरातल्या गेलेल्या माणसांना वयाच्या क्रमानं, नाव घेऊन हाक मारते. हाक मारली की घरचा कर्ता पुरुष त्याच्या वतीनं 'आला' म्हणतो. मग कमळीआजी त्या पितराला बसायची जागा सांगते. कुणी मेढीजवळ, कुणी उंबऱ्यात, कुणी चुलीपाशी. सगळे बसले की पुढच्या कामाला हात लावायचा. तोवर भटजींनी घड्याळ कितीही दाखवलं तरी ती ढिम्म हलत नाही.

आयुष्यभर तिनं हेच केलं. कुणाच्या घरात कोण गेलं हे त्या घरच्या सुनांपेक्षा तिला जास्त पाठ. फक्त एका माणसाला तिनं कधी हाक मारली नव्हती, आणि तो तिचा सख्खा थोरला भाऊ होता.

काळूराम भोईर, उमेळ्याचा. बापाची खाजणात भातशेती. भरतीनं बांध फोडला की सगळं घर चिखलात उतरायचं. अशा घरातलं हे पोर वसईला मिशनच्या शाळेत गेलं, निकोलस सरांनी कान पिळून त्याच्याकडून गणितं करून घेतली, आणि एक दिवस तो हवाई दलात बॉम्बर विमान चालवायला लागला. गावाला हे पचायला वेळ लागला. "मास्तर नाय, कारकून नाय, मंग येवढा शिकला कशाला?" असं म्हातारे विचारायचे. बाप बिचारा पारावरून उठताना छाती जरा पुढे काढून उठायचा.

सुट्टीवर आला की काळूराम गणवेश खुंटीला टांगायचा आणि हाफ पँटीवर खाडीच्या चिखलात निवट्या मासे धरायला पळायचा. कमळी तेव्हा परकर खोचून त्याच्यामागे. एकदा तिनं विचारलं, "दादा, वरशी आपला गाव कसा दिसतं?" तो चिखलातच उभा राहिला, विचार करून म्हणाला, "कोनी भाकर चावून ताटात ठेवावी, तसा. खाडीनं चावलेली भाकर." कमळीला ते इतकं आवडलं की पुढे आठवडाभर ती भाकरीचा एकेक घास तोडायची आणि उरलेल्या भाकरीत आपलं घर कुठे असेल ते शोधत बसायची. आईनं दोन वेळा पाठीत धपाटा घातला तेव्हा कुठे पोरगी जेवायला लागली.

आईची तऱ्हा निराळीच. विमान दिसलं की ती हातातलं सूप वर करून हलवायची. मग ते काळूरामाचं असो की नसो. आणि तिथे विमानांना काय तोटा, सांताक्रूझ जवळ. परदेशाहून आलेल्या कितीतरी साहेबांना उमेळ्याच्या एका बाईनं सुपानं खूण केली, आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही. बाया हसायच्या. आई म्हणायची, "हसा. येक तरी त्याचा आसंल."

एकाहत्तरच्या डिसेंबरात काळूरामाचं विमान गेलं ते परत आलं नाही. हवाई दलाचे एक साहेब घरी आले, खाटेच्या कडेवर अवघडून बसले आणि 'बेपत्ता' म्हणाले. आईनं शब्द नीट ऐकून घेतला. तिनं त्यांना चहा दिला, बशी पुसून दिली, आणि विचारलं, "म्हंजे हरवलाय ना? मंग गावंल." साहेब बशीतला चहा पिऊन निघून गेले.

बस, तेव्हापासून त्या घरात काळूराम हरवलेला राहिला. दिवस घातले नाहीत, पिंड ठेवला नाही. सर्वपित्रीला पान मांडायचं तर त्याचं वगळून. बाप दोन वर्षांत खंगून गेला. तरी आई आपल्या शब्दावरून हलली नाही.

धाकट्या भावाचं, आत्मारामाचं लग्न निघालं तेव्हा कमळी सासूच्या हाताखाली धवले शिकून नुकतीच तयार झाली होती. माहेरच्या मांडवात ती पहिल्यांदाच गाणार होती. मेढीकडे निघाली तेव्हा आईनं तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की हातातली एक हिरवी बांगडी फुटली. "काळूचा नाव त्यांच्यात घेशील तर माजे घरान परत पाय ठेवू नको." कमळीनं घेतलं नाही. बापावरून ती थेट पुढच्या ओळीवर गेली.

पुढे आत्मारामाचा मुलगा धनेश बोहल्यावर चढला, तर आईनं पत्रिकेत निमंत्रकांमध्ये काळूरामाचं नाव घालायला लावलं. छापखानावाला जाणता होता. त्यानं हळूच विचारलं, "आजी, कै. लावायचं ना?" आईनं त्याच्याकडे असं काही पाहिलं, की त्यानं नाव तर छापलंच, वर 'फ्लाइट लेफ्टनंट' ठळक अक्षरात छापलं. पंचवीसेक वर्षं हरवलेला माणूस साऱ्या तालुक्याला आग्रहानं जेवायला बोलवत होता. लोकांनी पत्रिका वाचली आणि कुणी काही बोललं नाही. तेव्हाची माणसं तेवढी शहाणी होती.

मग आई गेली. भावकीत लग्नं होत राहिली, कमळी आईला हाक मारायला लागली. आत्मारामही गेला, त्यालाही बोलवायला लागली. काळूरामाच्या जागी तेवढी तिची उडी ठरलेली.

यंदा धनेशच्या मुलीचं, रीमाचं लग्न ठरलं. धनेश आवतण द्यायला चांदीपला आला आणि चहा निवेपर्यंत पत्रिका हातात फिरवत बसला.

"आत्ये, काळूकाकाचं काय करायचं?" शेवटी त्यानं विचारलं. "रीमा म्हणते, तू गाशील ते सगळं रेकॉर्ड करून ठेवू. पुढे आपल्या अल्पेशच्या लग्नाला तेच लावता येईल."

कमळीआजीचा गळा आता साथ देत नव्हता. हे शेवटचं, असं तिनं सुनेला सांगूनही ठेवलं होतं. तिच्यामागे धवले शिकणारं कुणी नव्हतं. सून बँकेत, नाती कॉलेजात. म्हणजे या वेळी जी नावं घेतली जातील तीच फोनमध्ये राहणार. जो राहून गेला तो कायमचाच राहिला.

"आजीला शब्द दिलेलास, म्हाईत हाय मना," धनेश म्हणाला. "तू म्हनशील तसा."

तो गेल्यावर ती ओट्यावर बसून राहिली. नाव घेतलं नाही तर काळूराम कुठलाच नाही, ना पत्रिकेतला, ना पितरांतला. आणि घेतलं, तर आईनं हट्टानं जिवंत ठेवलेल्या माणसाला आपण आपल्या तोंडानं मारायचं. तिला रागच आला. दादाचा, आईचा, त्या बशीतून चहा पिऊन गेलेल्या साहेबांचासुद्धा. एवढी मोठी माणसं, आणि शेवटचं काम टाकलं कुणावर, तर कमळीवर.

उमेळ्याच्या वाडीवर आता बिल्डिंग उभी आहे. मांडव पार्किंगमध्ये पडला. मेढ पुरायला जमीन नाही म्हणून ती पत्र्याच्या डब्यात माती भरून उभी केलेली. खुर्च्यांना पांढरे झगे घातलेले. रीमा हिरवा चुडा भरून समोर बसली होती, तिच्या भावानं, अल्पेशनं फोन वर धरला होता. कमळीआजीनं पदर खोचला, मेढीला हात लावला आणि सुरू केलं.

आजोबांना हाक मारली. धनेश म्हणाला, "आला." त्यांना मेढीजवळ बसवलं. बापाला हाक मारली. "आला." तो दाराशी बसला, तिथून त्याला येणारंजाणारं माणूस दिसायचं. मग आईला.

"आली," धनेश म्हणाला.

आईची जागा चुलीपाशी. पार्किंगमध्ये चूल कुठली, तिनं केटररच्या शेगडीकडे हात केला. आणि हात तसाच राहिला.

इतकी वर्षं आपण हिला एकटीला बोलवत आलो, हे तिला त्या क्षणी कळलं. आई आता या बाजूला उरली नव्हती. दादा जर तिकडे असेल, तर आईला तो कधीचाच भेटला असणार. आणि दर लग्नाला कमळी आईला आत घेत होती, पोराला बाहेर ठेवून. आईनं ताटाला हात तरी लावला असेल का? ज्या बाईनं कुणाच्याही विमानाला सूप हलवलं, ती त्याला दाराबाहेर टाकून एकटी जेवायला बसेल होय?

कमळीआजीनं घसा खाकरला. पुढची ओळ आत्मारामाची होती. तिनं ती घेतली नाही.

"ये रे काळूरामा, मांडवाचे दारी ये."

धनेशला ऐकू गेलं, पण त्याच्या तोंडून शब्द निघेना. म्हाताऱ्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. फोन धरलेला अल्पेशचा हात खाली आला आणि परत वर गेला. तिनं पुन्हा हाक मारली, या वेळी गळा चिरकला, तरी थांबली नाही. रीमानं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आला," धनेश म्हणाला.

आता त्याला जागा सांगायची होती. याची जागा तिनं कधी ठरवलीच नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं वाहू दिलं. लग्नघरी रडू नये हे ती साऱ्या तालुक्याला शिकवत आली होती.

"आयसचे बाजूला बस, दादा," ती गायली. "ती जेवाची थांबलीय."

मग आत्माराम आला, तोही बसला. उमेळ्याच्या त्या घरातली सगळी माणसं आता आपापल्या जागी बसली होती. उभी राहिलेली तेवढी कमळी होती.