अडीचातली अर्धी खोली

घर घ्यायला निघालेली जोडपी मला आता लांबूनही ओळखू येतात. बायकोच्या हातात चकचकीत माहितीपत्रकांची पिशवी असते, नवऱ्याचा चेहरा आकडेमोड करून ओढलेला असतो, आणि दोघं एकमेकांशी जरा जास्तच गोड बोलत असतात. माझी लेक आणि जावई वर्षभर असेच फिरत होते, आणि त्यांच्या मागोमाग मी. मला कशाला नेत होते म्हणाल, तर मी सल्ला देते म्हणून. मागितला नाही तरी देते.

खरं सांगायचं तर माझ्या नावावर उभ्या जन्मात घर नाही. आमचे 'हे' सरकारी कचेरीत कारकून होते, त्यामुळे सगळा संसार क्वार्टरमध्ये झाला. ते निवृत्त झाल्यावर स्वारगेटच्या मागे दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. दुसरा मजला, लिफ्ट नाही. ते गेले, मी तिथेच राहिले. शाळा सातवीत सुटली होती. पुढे जे काय शिकले ते वाचून आणि लोकांना प्रश्न विचारून विचारून. पण भाडेकरणीला घराची पारख असते बरं का. गळकं छत, फुगलेलं दार, ओट्यावर न येणारा उजेड, सगळं तिला आल्याबरोबर दिसतं, कारण तिला त्यातलं काही कौतुकानं झाकायचं नसतं.

तर पोरांनो, धायरीतलं घर रविवारी सकाळी बघू नका. रविवारी सगळेच रस्ते गुणी असतात. मंगळवारी, ऑफिसं सुटायच्या वेळी, स्वारगेटहून बसनं निघा आणि सिंहगड रस्त्यानं जा. तेवढ्या प्रवासात नवरा-बायको एकमेकांवर खेकसली नाहीत, तर घर घ्यायला हरकत नाही. दुसरं, गॅलरीत उभं राहून नुसता देखावा बघू नका. ओले कपडे कुठे वाळतील ते बघा. तिसरं, तो जो सजवून ठेवलेला नमुन्याचा फ्लॅट असतो, त्यातला पलंग लहान मुलाच्या मापाचा असतो. त्यामुळे खोली मोठी वाटते. हे मला कळलं ते मी तिथल्या पलंगावर आडवी होऊन बघितलं म्हणून. पाय बाहेर आले. लेक म्हणाली, "आई, ऊठ, लोक बघतायत." मी म्हटलं, "बघू देत, त्यांनाही कळेल." जावयांनी त्या दिवसापासून खिशात टेप ठेवायला सुरुवात केली.

आता या सगळ्याच्या मागे एक गोष्ट होती, ती आधी सांगायला हवी. माझे गुडघे. जिना उतरायचा म्हणजे आधी मनाची तयारी, मग कठड्याची. भाजी वर आणायला शेजारच्या पोराला हाक मारायची. लेकीनं दोनतीनदा विषय काढला होता, "आई, आमच्याकडे ये राहायला." मी दरवेळी तोंड बंद केलं तिचं. लेकीच्या घरी सणावाराला जावं, बाळंतपणाला जावं, पिशवी घेऊन जावं आणि पिशवी घेऊन परत यावं. माझ्या आईनं हेच केलं, तिच्या आईनंही. जावयाच्या घरात कायमचं बस्तान मांडणारी बाई आमच्या नात्यागोत्यात मी एक सोडून पाहिलेली नाही. आणि जी एक होती तिच्याबद्दल काय काय बोललं जायचं, ते मीही बोलले आहे. तेव्हा मी लेकीला म्हटलं, "पुन्हा हे काढू नकोस." तिनं खरंच काढलं नाही. मला वाटलं, मिटलं.

धायरीत त्यांना एक इमारत आवडली. टेकडी दिसत होती, ऑफिसला जायला दोघांना सारखंच गैरसोयीचं होतं, म्हणजे भांडण नाही. पण त्यांच्या डोक्यात बसला होता अडीच खोल्यांचा फ्लॅट. अडीच बीएचके.

"अडीच म्हणजे काय गं?" मी विचारलं. "अडीच घरं बुद्धिबळातला घोडा चालतो. माणसानं कसं राहायचं त्यात?"

"अगं, दोन बेडरूम आणि एक छोटी खोली. स्टडी म्हणतात त्याला."

"अभ्यास संपला ना तुमचा? पदव्या भिंतीला टांगून झाल्या की."

"घरून काम असतं, आई."

"मग जेवणाच्या टेबलावर बसा. जेवता तरी कुठे वेळेवर?"

जावई चहाच्या कपात बघून हसत होते. मला तेवढंच पुरलं. पुढचे कितीतरी दिवस मी त्या अर्ध्या खोलीच्या मागे लागले. फोनवर, बसमध्ये, त्यांच्या घरी पोळ्या लाटताना. अर्ध्या खोलीत काय होतं मला माहिती आहे, म्हटलं. आधी इस्त्रीचे कपडे जातात, मग रिकामी खोकी, मग बंद पडलेली व्यायामाची सायकल, आणि मग दार ढकललं की उघडतच नाही. त्या अडगळीसाठी हप्ता वाढवून घेणार? तरुण वयात मान मोडेल असा हप्ता घेऊ नये. दोन बेडरूम पुष्कळ झाल्या. तुम्हाला एक, पुढे मूल झालं तर त्याला एक. हिशेब सरळ आहे.

ते दोघं ऐकून घ्यायचे. एकमेकांकडे बघायचे. मला वाटायचं, पटतंय हळूहळू.

आणि पटलंच म्हणायचं, कारण एक दिवस लेकीचा फोन आला, "आई, तुझंच खरं. दोनचा घेतोय. शनिवारी नक्की करायला जाणार आहोत, चल." मी इतकी खूश झाले की शेजारणीला बोलावून सांगितलं.

शनिवारी गेलो. तिथल्या विक्रीच्या ऑफिसातली मुलगी मोठी चटपटीत होती. "आजी, फ्लॅट पूर्ण वास्तूप्रमाणे आहे," ती म्हणाली.

"वास्तू राहू दे गं," मी म्हटलं, "आमच्यात ते बघत नाहीत. ओटा किती उंच आहे ते सांग."

दोनचा आणि अडीचचा असे दोन्ही फ्लॅट एकाच मजल्यावर होते. दोनचा बघून झाला. ओटा बरोबर होता, कपडे वाळवायला जागा होती. मी म्हटलं, "झालं तर मग, जा, सही करा." तेव्हा कळलं, जावई जागेवर नाहीत. लेक म्हणाली, "तो समोर गेलाय. येईल."

मी समोरच्या फ्लॅटमध्ये गेले. आत भिंती, सिमेंटचा वास, आणि आमचे जावई त्या अर्ध्या खोलीत गुडघ्यावर बसून टेपनं जमीन मोजत होते. एकदा भिंतीकडून खिडकीकडे, मग खिडकीकडून परत.

"अहो जावईबापू, काय मोजताय?"

ते दचकले. "काही नाही आई. पलंग बसतो का बघत होतो. शेवटचं एकदा."

"इथे? कुणाचा पलंग?"

टेप सुर्रकन आत गेली. मागून लेक आली होती, ती म्हणाली, "तुझा."

मी दारात उभी. म्हणजे दार नव्हतंच तिथे, नुसती चौकटीची जागा होती.

काय सांगू तुम्हाला. महिनाभर मी ज्या खोलीला अडगळ म्हणत होते, रिकाम्या खोक्यांची खोली म्हणत होते, ती ही दोघं माझ्यासाठी धरून बसली होती. आणि मी एकेका पोळीबरोबर त्यांना पटवून देत होते, की तिची गरज नाही.

"मला विचारलंत का आधी?" मी म्हटलं. आवाज चढवायचा होता, चढला नाही.

"विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?" लेक.

"नाही म्हटलं असतं."

"मग?"

"मग आता तरी काय वेगळं म्हणणार आहे? लेकीच्या घरी राहत नसतात, तुला माहिती आहे. जावयाचं घर..."

"आई, एक मिनिट," जावई म्हणाले. ते अजून खालीच बसले होते, हाताला सिमेंटची धूळ. "घर दोघांच्या नावावर होणार आहे. अर्धं तिचं. मी नीट मोजलंय, ही खोली तिच्या अर्ध्यात येते. माझ्या घरात तुम्ही येतच नाही आहात. मला उलट तिच्या परवानगीनं इथे यावं लागेल."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी. मी तोंड फिरवून खिडकीशी गेले. खाली समोरच्या इमारतीत एक बाई चादरी वाळत घालत होती, एकटीच, चारही टोकं सांभाळत. मी तिच्याकडे बघत राहिले.

"तुमच्या आईवडिलांचं काय?" मी मागं न बघता विचारलं.

"ते गावी मोठ्या भावाकडे. पुण्यात आठ दिवस टिकत नाहीत. बाबा म्हणतात, इथे थुंकायचीसुद्धा सोय नाही."

"मी भाडं देईन," मी म्हटलं.

"चालेल," जावई म्हणाले. "पण मग अकरा महिन्यांचा करार करावा लागेल. पोलीस व्हेरिफिकेशन. आणि रात्री दहानंतर पाहुणे चालणार नाहीत, मालकीणबाई कडक आहेत."

मालकीणबाई रडत होत्या. मी लेकीला जवळ घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर मीही सुरू झाले असते. मी त्या चटपटीत मुलीला हाक मारली.

"याला दार कुठाय?"

"ओपन स्टडी आहे ना आजी. नंतर पार्टिशन टाकता येतं."

"पार्टिशन नको. पक्कं दार हवं. आतून कडी असलेलं."

"कडी कशाला गं?" लेकीनं नाक पुसत विचारलं.

"रुसले तर कुठे जाऊ मी? रुसायला कडी लागते."

तर दार झालं. तुम्ही अशी खोली घेणार असाल तर आधीच विचारा, दार मिळेल का, आणि कागदावर लिहून घ्या. तोंडी सगळे हो म्हणतात. आणि खोली आईसाठी असेल, नाहीतर वडिलांसाठी, तर त्यांना आधी सांगा. आमच्या पोरांनी सांगितलं नाही, ते मला अजूनही पटलेलं नाही. 'नाही' म्हणतील ते. म्हणू देत. तरी सांगा. नाहीतर माझ्यासारखी एखादी स्वतःच्याच खोलीवर काट मारून बसेल. हप्ता वाढला, तो वाढलाच. ती दोघं यंदा कुठे फिरायला गेली नाहीत. मला ते टोचतं, आणि टोचतं म्हणून मी बोलले की लेक म्हणते, "तू आहेस ना करमणुकीला."

राहायला गेलो त्या दिवशी बुद्धवंदना झाली, मी खीर केली. माझं सामान एका टेम्पोत मावलं आणि टेम्पो अर्धा रिकामा राहिला. पहिले काही दिवस मी पिशवीतूनच कपडे काढत होते. कपाट होतं, पण हात पिशवीकडेच जायचा. लेकीनं ते बघितलं.

मग एका सकाळी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. माझ्याच वयाच्या, हातात दुधाच्या पिशव्या. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"मुलीकडे आलात वाटतं? आहात ना चार दिवस?"

उत्तर अगदी ओठावर होतं. 'हो, जाईन आता.' आयुष्यभर लेकीबाळींच्या, भावाबहिणींच्या घरी हेच उत्तर दिलंय, त्याला विचार करावा लागत नाही. लिफ्ट खाली चालली होती. बाई वाट बघत होत्या.

"नाही," मी म्हटलं, "मी इथेच राहते."

"अस्सं! मग संध्याकाळी खाली का येत नाही? बाकावर बसतो की आम्ही सगळ्या."

वर आले, पिशवी पलंगावर उपडी केली, कपडे कपाटात लावले. आणि संध्याकाळी खाली गेले.