कासारवाडीतले फोडलेले हात

कासारवाडीच्या शेडमधला तो दसरा आठवला की आजही माझं डोकं तापतं.

बंद पडलेल्या वर्कशॉपमध्ये एका ट्रस्टचं कलादालन होतं. तिकीट नाही, विक्री नाही. पहिली शिफ्ट सुटली की कामगार बायकामुलांना घेऊन यायचे. नव्या कलेच्या नावाखाली तीन रेघा ओढून ठेवतात, असा माझा समज होता. पण इथे भिंतीवर हात होते. चाकण पट्ट्यात प्रेस मशीनवर बोटं गमावलेल्या कामगारांचे, प्लास्टरमध्ये ओतलेले. प्रत्येकाखाली अपघात कसा झाला ते त्यांच्याच शब्दांत लिहिलेलं. मधोमध एक जुनी प्रेस. खंडेनवमीला कामगारांनी तिची पूजा करून हार घातला. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या दुपारी, कुणीतरी कुलूप तोडून सगळे हात फोडले.

मी पंचनाम्याला गेलो. पांढऱ्या भुकटीत अनवाणी पावलं उमटली होती.

"आवाज होऊ नये म्हणून, साहेब," हवालदार म्हणाले.

बाहेर दिवसभर ढोल वाजत असताना आवाजाची काळजी कोण करतो? शिवाय मशीनवरच्या हाराचं एक फूलही हललं नव्हतं.

खबर शेडसमोरच्या चहावाल्याने दिली. कामगार पुरवणाऱ्या एका ठेकेदाराची जीप तिथे थांबली होती, तिच्यातून एक जण उतरला होता. चेहरा त्याने पाहिला नव्हता. ठेकेदाराला मिरची का झोंबली, ते उघड होतं. काम भराभर उरकावं म्हणून तो हात आत गेला की मशीन थांबवणारे सेन्सर बंद करायला लावतो, असं त्या हातांखाली बहुतेकांनी लिहिलं होतं.

त्याची माणसं एकेक करून बोलावली. सगळ्यांचं एकच पालुपद, गावाला गेलो होतो. एक फिटर तेच म्हणाला, तेव्हा मी टेबलावर हात आपटला.

"पूजा झालेल्या मशीनजवळ बूट घालून गेलास? लाज नाही वाटली?"

"न्हाई साहेब! बूट भायेर काढले व्हते!"

बोलून गेला आणि खालीच बसला. कंपनीत पर्मनंट करून देतो, असं ठेकेदाराने त्याला सांगितलं होतं. पण जबाबात नाव घ्यायला तयार होईना, कारण दोन्ही भाऊ त्याच ठेकेदाराकडे कामाला. ठेकेदार माझ्यासमोर पायावर पाय टाकून बसला. "प्लास्टरच होतं की, साहेब." एक सणसणीत ठेवून द्यावीशी वाटली. पुराव्याअभावी त्याला सोडावं लागलं.

जबाब द्यायला एक बाई आली. दोन बोटं गेलेली. फिटरला पाहून ती दारातच थबकली. अपघाताच्या दिवशी त्यानेच तिला उचलून दवाखान्यात नेलं होतं.

"भाऊ, तुम्ही?" ती म्हणाली.

मग माझ्याकडे वळली. "साहेब, कंपनी म्हणते मी तिथं कामालाच नव्हते. तो हात बघून लोक विचारायचे, ताई, कसं झालं? तेवढ्यांनाच मी खरी वाटत होते."

नोकरीभर खाकी घालून मी गुन्हेगारांना धाक दाखवला. हा ठेकेदार मला घाबरला नाही, आमच्या कोठडीला घाबरला नाही. तो घाबरला एका भिंतीला. तेव्हापासून कलादालन म्हणजे रिकामटेकड्यांची जागा, असं कुणी म्हणालं की माझा आवाज चढतो.

जाताना बाईने विचारलं, "ज्याने फोडला तो सापडला. ज्याने तोडला, त्याचं काय?"