खड्याच्या मिठाचा डॉक्टर

आमच्या फ्रिजवर एक तक्ता असतो. कोणी काय खायचं नाही, ते त्यावर लिहिलेलं. सासऱ्यांच्या नावापुढे 'मीठ कमी'. प्रेशरची गोळी ते वेळेवर घेत, पण हे दोन शब्द त्यांना लागले होते. उभा जन्म त्यांनी जासईकडच्या आपल्या मिठागरात काढला. आता तिथे बंदराचे कंटेनर रचलेले आहेत. तरी मिठाला कोणी नावं ठेवली की घराण्याला नावं ठेवल्यासारखं त्यांना वाटतं.

एका सकाळी त्यांनी हाक मारली, "सूनबाय, गॅस बंद कर नि आदी इकडं ये!"

टीव्हीवर पांढऱ्या कोटातले एक डॉक्टर सांगत होते, की पुडीतलं बारीक मीठ वाईट. उन्हात वाळलेलं खड्याचं मीठ मात्र प्रेशरवाल्यांनीही बिनधास्त खावं.

"बगितलास? आमी काय येगला सांगत व्हतो?"

"बाबा, याच डॉक्टरांनी गेल्या आठवड्यात सुके बोंबील सोडा म्हटलं, तेव्हा तुम्ही चॅनल बदललात."

"बोंबलातला त्याला काय कललंय? मिठातला कलतंय."

मीही काही वेगळी नव्हते. एका नटीने वरणभातावर तूप घ्या आणि रोज तासभर चाला असं सांगितलं होतं, त्यातलं तूप मी लगेच सुरू केलं होतं.

त्यांच्या पुतण्याने गावाहून पिशवीभर खडे मीठ आणून दिलं. ताकात, कैरीवर, कांद्यावर मीठ पडू लागलं. थोड्याच दिवसांत त्यांना चपलेचा पट्टा आवळू लागला. "चप्पल आटली," म्हणाले. मी सुजलेले पाय पाहिले आणि त्यांना रिक्षात घालून आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

प्रेशर बरंच वाढलं होतं. पुतण्याच्या मुलीची हळद तोंडावर आलेली, आणि हळदीत बँजोवर नाचल्याशिवाय सासऱ्यांच्या लेखी लग्न पार पडत नाही, मग ते कोणाचंही असो.

"हे असंच राहिलं तर नाच नाही," बाई म्हणाल्या.

"पन खड्याचा मीठ चालतंय. टीव्हीवरचा डागदर बोललाय."

"खडा असो की पूड, प्रेशरला दोन्ही सारखीच. त्या डॉक्टरांनी तुमच्या दंडाला पट्टा बांधला होता का?"

"टीव्हीतून कसा बांदनार?"

"तुमचे पाय पाहिले?"

"नाय."

"मग ते कोणाला सांगत होते?"

"सगल्यांना."

"मी एकट्या तुम्हाला सांगतेय, बाबा."

बाईंनी गोळी बदलून दिली आणि हळदीआधी पुन्हा दाखवायला सांगितलं. घर आल्यावर सासरे म्हणाले, "पिशवी वरच्या फळीवर टाक. माजा हात पोचनार नाय अशी." मी कोकम, लिंबू आणि आलं-लसूण वाढवून स्वयंपाक बसवला. ते जेवत, तोंड वाकडं करत, पण जेवत.

मग हळदीच्या आठवड्यात तेच डॉक्टर पुन्हा टीव्हीवर आले. नाच हा हृदयाचा सर्वांत मोठा मित्र, म्हणाले. प्रेशरवाल्यांनी मनसोक्त नाचावं. मी कढईखालचा गॅस बारीक केला. आता बाबा लुंगी खोचणार आणि आमची सगळी मेहनत पाण्यात जाणार!

सासऱ्यांनी आवाज बंद केला. "सूनबाय, डागदरीनबायला फोन लाव. इचार, हे मला लागू हाय का सगल्यांना."

बाई फोनवर हसल्या आणि म्हणाल्या, "पाय घेऊन या, मग सांगते."

गेलो. सूज उतरली होती, प्रेशरही आटोक्यात होतं. "एक गाणं," बाई म्हणाल्या, "आणि मधेमधे बसायचं."

ते एक गाणं किती लांबीचं असावं, हे मात्र बाईंनी सांगितलं नव्हतं. ते सासऱ्यांनी बँजोवाल्याशी बोलून ठरवलं. हळदीत मी बाजूला खुर्ची घेऊन उभी होते. दर कडव्यानंतर ते येऊन निमूट बसत, पाणी पीत, आणि मला विचारत, "जाला ना बसून?"