जुन्या अंगणातला ताप

खपली मसुरीच्या दाण्याहून थोडी मोठी होती. काळी, कडेने लालसर. बाबांच्या कमरेला, करदोड्याच्या बरोबर खाली. डॉक्टरांनी करदोडा बोटाने सरकवला, वाकून पाहिलं आणि सिस्टरला इंग्रजीत म्हणाले, "स्क्रब टायफस. डॉक्सीसायक्लिन आत्ता सुरू करा. रिपोर्टसाठी थांबू नका."

तोवर बाबांना ऑक्सिजन लागला होता. आईला ते ओळखत होते. मला कधी ओळखत, कधी नाही.

हा आजार आमच्याकडे पावसाळा सरता सरता येतो, म्हणून आधी तो सांगते. गवतात, झुडपांत डोळ्याला न दिसणारे किडे असतात. त्यांची पिल्लं चावतात तेव्हा कळत नाही. दुखत नाही, खाजत नाही. त्या जागी विडीचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. तिला एस्कार म्हणतात. ती काखेत, जांघेत, कमरेला, म्हणजे कपडा घट्ट बसतो तिथे असते, आणि काहींना येतच नाही. टायफस आणि टायफॉइड हे वेगवेगळे आजार आहेत. लवकर कळलं तर स्वस्तातल्या गोळ्यांनी माणूस बरा होतो. उशीर झाला तर फुफ्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू, काहीही त्याच्या तडाख्यात सापडू शकतं. आमच्याकडे उशीर झाला.

आम्ही पवनी तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावठाणात राहतो. कमानीवर 'आदर्श' असं लिहिलंय. ज्याने ते लिहायला सांगितलं त्याने इथे एक दुपार काढून दाखवावी. रस्ते सरळ आहेत, प्लॉटना नंबर आहेत, समाजमंदिराला कुलूप आहे. सावली नाही. जुनं गाव धरणाच्या बुडितात गेलं तेव्हा मी तिसरीत होते. खरं म्हणजे खालची अर्धी वस्तीच पाण्यात गेली. वरची अर्धी अजून काठावर आहे, भिंती पडलेली, माणसं नसलेली. पवनीच्या माझ्या इंग्रजी शाळेत मुली मला 'बुडीतवाली' म्हणायच्या. स्वच्छ इंग्रजी उच्चारांत तेवढा एकच मराठी शब्द.

बाबांना आधी थंडी वाजून ताप आला. डोकं इतकं दुखे की ते पंख्याचा आवाजही बंद करायला लावत. गावातल्या डॉक्टरने व्हायरल म्हणून सुई टोचली. दुसऱ्याने टायफॉइड म्हणून सलाईन लावलं. ताप उतरेना, धाप लागायला लागली, तेव्हा आम्ही त्यांना भंडाऱ्याच्या एका खाजगी दवाखान्यात आणलं.

मलेरिया निगेटिव्ह. डेंग्यू निगेटिव्ह. प्लेटलेट कमी, लिव्हरचे आकडे वाढलेले. फाइलवर लिहिलं गेलं, पायरेक्सिया ऑफ अननोन ओरिजिन. म्हणजे मूळ न कळलेला ताप. मूळ शोधण्यासाठी एक ज्युनियर डॉक्टर आला. त्याचं लक्ष मोबाइलकडे होतं.

"शेतात जातात का?"

"शेती गेली जी धरणात," आई म्हणाली.

"जंगलात? झाडीझुडपात?"

"नाही जी."

"जनावरं?"

"इकली."

तो शेजारच्या डॉक्टरला इंग्रजीत म्हणाला, "पुअर हिस्टोरियन्स, द होल फॅमिली." ज्याला स्वतःच्या आजाराची हकीकत नीट सांगता येत नाही, त्याला डॉक्टर लोक असं म्हणतात. आईच्या लुगड्याकडे आणि माझ्या गप्प बसण्याकडे पाहून त्याने ठरवलं असावं की इथे कुणाला काही कळत नाही. मला कळलं. पण मी सहसा बोलत नाही.

बाबा त्या दिवशी तापात एकसारखे बोलत होते. डोमाजीचं घर, मग पांडुरंगाचं, मग चिंचेखालची विहीर, मग आपली सपरी, म्हणजे ओसरी. जुन्या गावातल्या गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकही घर न चुकवता. सिस्टर म्हणाली, "बडबड करून राहिले." पुअर हिस्टोरियन.

वेटिंगमध्ये टीव्ही होता. कुठल्या तरी देशातली लढाई चालू होती. गाद्या, भांडी, पोरं डोक्यावर घेऊन लोक रस्त्याने चालले होते. माझ्याशेजारी सोन्याच्या पाटल्या घातलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "घरदार सोडून जायचं म्हणजे काय हो, बिचारे." मग त्यांनी आईला विचारलं, "तुम्ही कुठले?" आईने गावठाणाचं नाव सांगितलं.

"अच्छा, बुडीतवाले," बाई म्हणाल्या. "तुमचं बरं आहे. सरकारने सगळं फुकटात दिलं." आणि पर्स मांडीवर घेतली.

पुन्हा टीव्हीकडे वळून त्या रडू लागल्या. दूरच्या माणसांसाठी रडायला सोपं जातं. ती दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर येऊन बसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मोठीमाय डबा घेऊन आली. मोठीमाय म्हणजे बाबांची वहिनी. बाबांच्या तोंडावरचा मास्क पाहून ती नेहमीसारखी त्यांच्यावरच घसरली.

"मी म्हणतच होती याले. गवत काढलं, पूजा झाली, आता घरी चाल. तं हा आपला उघडाच आडवा लोटला तिथं. नवं घर काय चावते का रे तुले?"

"कुठं लोटले?" मी विचारलं.

"अवो, जुन्या गावात. मातामायच्या ओट्याजवळ. दरसाल जातेत ना सारे गवत काढाले. तुहा बाप तं मंग आपल्या जुन्या आंगनात दुपारभर झोपते. कमरेएवढं गवत हाये तिथं."

मातामाय म्हणजे गावदेवी. गाव उठलं, पण तिचा दगड कुणी हलवला नाही.

मी आईकडे पाहिलं. "आई, डॉक्टरने झाडीझुडपाचं विचारलं होतं ना?"

"हो, मंग?" आई म्हणाली. "ते का झाडीझुडूप हाये? आपलं आंगन हाये ते."

आईने काही लपवलं नव्हतं. तिला तिथे गवत दिसतच नाही. तिला तिथे शेणाने सारवलेली जमीन दिसते.

मोठे डॉक्टर राउंडवर होते, मागे चार माणसं. अशा घोळक्यासमोर मी एरवी बोलले नसते. पण बाबांचा श्वास आता खाटेच्या पायथ्याशीही ऐकू येत होता. मी पुढे जाऊन इंग्रजीत सांगितलं की बाबा गवतात उघड्या अंगाने झोपले होते, ताप येण्याच्या आठवडाभर आधी. ज्युनियरने मान वर केली. मला इंग्रजी येतं हे त्याला तेव्हा कळलं, आणि आपण काय बोललो होतो तेही आठवलं असावं.

मोठ्या डॉक्टरांनी आईला विचारलं, "हे आधी का नाही सांगितलं?"

आई म्हणाली, "तुमी जंगलाचं इचारलं जी. घराचं नाही इचारलं."

डॉक्टरांनी बाबांचा शर्ट वर केला आणि करदोडा सरकवला.

"दोन दिवस महत्त्वाचे आहेत," ते म्हणाले. "उशीर झालाय, पण औषध चांगलं आहे." ते दोन दिवस आम्ही बाकावर काढले. तिसऱ्या सकाळी बाबांनी मास्क खाली ओढला आणि मोठीमायच्या डब्यात भाजी कसली आहे ते विचारलं.

मी त्या मोठ्या डॉक्टरांची ऋणी आहे. आईचं उत्तर त्यांनी ऐकून घेतलं. मोठीमायच्या तोंडाळपणाचीही ऋणी आहे. यादी इथे संपते.

तुमच्या घरात असा ताप आला तर एवढं करा. अंग पूर्ण उघडून पाहा, करदोड्याखालीसुद्धा. आणि माणूस कुठे कुठे बसला, टेकला, झोपला ते सगळं सांगा. विचारणाऱ्याचा प्रश्न अपुरा असतो. तुमच्या अंगणाला तो काय म्हणतो, ते तुम्हाला माहीत नसतं.

बाबांनी दवाखान्यातून सुटी होताना "आता तिकडे जाणार नाही जी" असं कबूल केलं होतं. हिंडू-फिरू लागले तसे ते गेले. आता फुलपँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि खाली टाकायला ताडपत्री नेतात. परतल्यावर आई कपडे गरम पाण्यात टाकते.

तपासणीला गेलो तेव्हा तोच ज्युनियर होता. "जुन्या जागेवर जाणं बंद ना?" त्याने विचारलं. बाबा हो म्हणणार होते.

"जातात," मी म्हणाले. "काळजी घेऊन जातात. तसं लिहा."

त्याने पेन उचललं. या वेळी माझ्याकडे पाहत, त्याने विचारलं, "जुन्या गावाचं नाव काय?"

मी सांगितलं. त्याने ते कधी ऐकलं नव्हतं. मग मी एकेक अक्षर सांगत गेले आणि तो लिहीत गेला.